सोळा दिवसांच्या कमानी आणि बागेखालचे गाव



चौदा एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांच्या तोंडाशी कमानी उभ्या राहतात. बांबू येतात, सुतळी येते, निळ्या कापडाचे तागे येतात. दिवसभर कामावर राबून आलेली पोरे रात्री बारापर्यंत शिडीवर चढून गाठी मारतात. चार-आठ दिवस कमान डौलाने उभी असते आणि मग एका सकाळी ती सोडून बांबू मंडपवाल्याकडे परत जातात. तिला कुणी कला म्हणत नाही. वर्तमानपत्रात तिचा फोटो आलाच तर मिरवणुकीच्या फोटोत मागे कुठेतरी!

या आठवड्यात आम्ही कमानींविषयीच लिहिणार आहोत, मात्र त्या आपल्याकडच्या नाहीत. त्या अमेरिकेत न्यूयॉर्क शहरातील सेंट्रल पार्क या सार्वजनिक बागेत २००५ सालच्या फेब्रुवारी महिन्यात उभ्या राहिल्या. एक नाही, दोन नाही, तब्बल ७,५०३ कमानी! त्या सोळा दिवस उभ्या होत्या. तिकीट नव्हते, पास नव्हता. सतराव्या दिवशी त्या उतरवायला सुरुवात झाली. या कमानींना जगभर कलाकृती म्हणून मान मिळाला. हा काय प्रकार होता, तो कुणाच्या पैशाने झाला, आणि ज्या जमिनीवर झाला ती जमीन कुणाची, हे आमच्या वाचकांनी समजून घ्यावे असे आम्हांला वाटते. कारण यातला शेवटचा प्रश्न आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत येणारा आहे.

प्रथम बागेविषयी. सेंट्रल पार्क ही ८४३ एकरांची बाग आहे. लांबी अडीच मैल, रुंदी अर्धा मैल. गगनचुंबी इमारतींच्या मधोमध असलेला हा हिरवा पट्टा त्या शहराचा श्वास आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, ते विद्यापीठ ११६व्या रस्त्यावर आणि ही बाग ११०व्या रस्त्याशी संपते. म्हणजे मध्ये अवघ्या सहा गल्ल्या.

बाग पाहणाऱ्याला वाटते, शहर वाढत गेले तरी निसर्गाचा एवढा तुकडा कुणी हात न लावता राखून ठेवला असावा. प्रत्यक्षात तसे नाही. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स या दोघांनी १८५८ साली तिचा आराखडा केला. त्यानुसार खडक सुरुंगांनी फोडले, दलदल उपसली, माती बाहेरून आणली, टेकड्या रचल्या, तळी खोदली. या तळ्यांना पाणीसुद्धा शहराच्या नळाचे. सुमारे २०,००० मजुरांचे हात तिला लागले आहेत. तेव्हा नैसर्गिक दिसणारी ही बाग मुळात मजुरांनी घडवलेली आहे.

बागेच्या भोवती दगडी कुंपणभिंत आहे आणि तिच्यात ठिकठिकाणी आत शिरण्याच्या वाटा आहेत. १८६२ साली या वाटांना नावे दिली गेली. ती राजांची किंवा सेनापतींची नाहीत. कारागिरांचे दार, शेतकऱ्यांचे दार, खाणकामगारांचे दार, खलाशांचे दार, स्त्रियांचे दार, मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. १०६व्या रस्त्यावरच्या दाराचे नाव तर ‘परक्यांचे दार’! सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्यासाठी ज्यांना महाडला सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या वारसांना या नावांचे मोल वेगळे सांगायला नको. नावे सुंदर आहेत यात शंका नाही. ती कोणत्या जमिनीवर लिहिली गेली, ते पुढे येईलच.

‘दारे’ या शब्दावरूनच त्या कमानींचे नाव पडले, ‘द गेट्स’. त्या उभारणारे कलावंत म्हणजे ख्रिस्तो आणि त्यांच्या पत्नी जान-क्लोद. दोघांचीही जन्मतारीख एकच, १३ जून १९३५. ख्रिस्तो बल्गेरियात जन्मले, जान-क्लोद मोरोक्कोत. १९५७ साली ख्रिस्तो साम्यवादी राजवटीतून पळून पश्चिमेकडे आले आणि पुढची कित्येक वर्षे कोणत्याच देशाचे नागरिक नव्हते. १९६४ साली हे जोडपे न्यूयॉर्कला आले. १९७९ साली त्यांनी या बागेसाठी कमानींची कल्पना मांडली.

१९८१ साली बागखात्याने त्यांना नकार दिला. नकार देणारे आयुक्त गॉर्डन डेव्हिस हे त्या पदावरचे पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ होते. मूळ योजनेत कमानींची संख्या कितीतरी जास्त होती, आणि प्रत्येक खांबासाठी जमिनीत खड्डे घ्यायचे होते. त्या काळात बागेची अवस्था वाईट होती. हिरवळीची धूळ झालेली, भिंतींवर रंगाचे फराटे, दुरुस्तीला पैसा नाही. आज एकाला खड्डे घेऊ दिले तर उद्या दुसरा येईल, ही भीती खोटी नव्हती. कलेचे प्रेमी या नकाराला नावे ठेवतात. आम्हांला मात्र तो योग्य वाटतो. सार्वजनिक जागेचा रखवालदार असाच कडक असावा. आपल्याकडे एखाद्या मैदानात एका कार्यक्रमासाठी खड्डे घेतले जातात आणि पुढे वर्षभर त्या खड्ड्यांत मुलांचे पाय मुरगळतात, हे दृश्य कुणाला नवे आहे?

पण त्या नकाराने पुढे चांगले काम केले, हे विशेष. दोघा कलावंतांनी योजना बदलली. जमिनीत एकही खड्डा घ्यायचा नाही असे ठरले. प्रत्येक खांब एका जड पोलादी बैठकीवर बसवायचा आणि ती बैठक नुसती पायवाटेवर ठेवायची. एकेका बैठकीचे वजन सुमारे २८० ते ३८० किलो. अशा १५,००० बैठका लागल्या. सगळे मिळून पाच हजार टनांहून अधिक पोलाद! गवंडीकाम आणि फॅब्रिकेशन करणारे आमचे वाचक यातले कौशल्य चटकन ओळखतील. सोळा फूट उंच कमान, वरून लोंबणारे कापड, त्यात भरणारा वारा, आणि हे सर्व तोलून धरायचे ते फक्त वजनावर. ऋतूही विचार करून निवडला. फेब्रुवारीत झाडांची पाने गळालेली असतात, पक्ष्यांची घरटी नसतात, आणि निष्पर्ण फांद्यांमधून कमानींची रांग लांबवर दिसते. एका कमानीपासून दुसरी बारा फुटांवर. मात्र जिथे झाडाची फांदी वाटेवर खाली झुकलेली असेल तिथे कमान गाळायची. झाडाला धक्का नाही. जानेवारी २००३ मध्ये महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या कारकिर्दीत परवानगी मिळाली. कल्पना मांडल्यापासून चोवीस वर्षे लोटली होती. प्रदर्शन मात्र सोळा दिवसांचे.

३ जानेवारी २००५ रोजी काम सुरू झाले. आठ-आठ जणांच्या तुकड्या केल्या. प्रत्येक तुकडीने सुमारे शंभर कमानी उभ्या करायच्या. असे सहाशेच्या घरात कामकरी होते. आता आमच्या वाचकांना महत्त्वाची वाटेल अशी गोष्ट सांगतो. हे सारे काम पगारी होते. मजुरीशिवाय सकाळची न्याहारी आणि दिवसातून एकदा गरम जेवण मिळत असे. कलेच्या नावाखाली फुकट राबवून घेण्याची रीत जगात सर्वत्र आहे. आपल्याकडे तर ‘सेवा’ म्हटले की हिशेब विचारणाराच वाईट ठरतो. इथे हिशेब चोख होता.

आणि पैसा? एकूण खर्च सुमारे २ कोटी १० लाख डॉलर. एवढा पैसा कापडावर उडवण्यापेक्षा गरिबांच्या मुखी का घातला नाही, हा सवाल मनात येतो, यायलाच हवा. पण त्याचे उत्तर साधे आहे. हा पैसा सरकारी तिजोरीतला नव्हता आणि कुठल्या कंपनीच्या जाहिरातीचाही नव्हता. ख्रिस्तो आपल्या योजनेची आधी चित्रे काढत आणि ती चित्रे श्रीमंत संग्राहकांना व संग्रहालयांना विकत. त्या विक्रीतून हा खर्च निघाला. उलट बागेच्या वापराबद्दल त्यांनी शहराला ३० लाख डॉलर दिले. म्हणजे श्रीमंतांच्या भिंतीवर टांगायच्या चित्रांच्या पैशातून सर्वांना फुकट पाहता येईल असा देखावा उभा राहिला. हा उलटा व्यवहार आम्हांला आवडला. आपल्याकडे बहुधा याच्या विरुद्ध दिशेने पैसा जातो. एकाही कमानीवर कुणा साबणाचे किंवा पुढाऱ्याचे नाव नव्हते, हे तर आपल्या चौकांतील फलक पाहून डोळे दुखलेल्या माणसाला स्वप्नच वाटेल.

१२ फेब्रुवारीच्या सकाळी कापड सोडले गेले. तोवर ते वरच्या आडव्या खांबाला गुंडाळून बांधलेले होते. कामकऱ्यांनी एकामागून एक गुंडाळ्या मोकळ्या केल्या आणि तेवीस मैलांच्या पायवाटांवर केशरी कापड फडफडू लागले. कापडाची खालची कड डोक्याच्या वर, जमिनीपासून साधारण सात फुटांवर. त्यामुळे कडेवरच्या मुलाने हात वर केला तर त्याला ती शिवता यावी. एकूण कापड १०,९२,२०० चौरस फूट. नायलॉनचे, जर्मनीत शिवलेले. वाऱ्याने एखादे कापड आडव्या खांबाला गुरफटले तर ते सोडवायला कामकरी लांब काठ्या घेऊन फिरत. त्या काठीच्या टोकाला टेनिसचा चेंडू खोवलेला, का, तर कापड फाटू नये! हेच कामकरी येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या कापडाचा छोटा चौकोनी तुकडा आठवण म्हणून फुकट देत. काही बहाद्दरांनी ते तुकडेही पुढे विकायला काढले, हा मनुष्यस्वभाव.

रंगाविषयी थोडे. केशरी रंग म्हटल्यावर आमच्या वाचकांना दोन गोष्टी आठवतील. एक भिक्खूंचे चीवर. दुसरी आम्ही सांगायला नको. न्यूयॉर्कच्या रहिवाशांत मात्र यावरून वेगळाच वाद झाला. कुणाला तो थंडीत पेटलेल्या शेकोटीसारखा वाटला, तर कुणाला रस्तादुरुस्तीच्या वेळी ठेवतात त्या प्लास्टिकच्या शंकूसारखा. आवडले न आवडले, पण लोक आले. शहराच्या अंदाजानुसार चाळीस लाखांहून अधिक माणसे आली आणि २५ कोटी ४० लाख डॉलरची उलाढाल झाली. एरवी थंडीच्या दिवसांत ओस पडणाऱ्या वाटांवर म्हातारी माणसे, बाबागाड्या, शाळांची पोरे. संग्रहालयाच्या दारात पाय ठेवायला बिचकणारा माणूस बागेत बिचकत नाही, हे यातले खरे मर्म. कमानीखालून नुसते चालायचे. समजले पाहिजे असे काही नाही, चूक ठरण्याची भीती नाही.

सोळा दिवस सरले, कमानी उतरल्या. पोलाद, कापड, नळ्या सर्व वितळवून-दळून पुन्हा वापरात आणण्यासाठी पाठवले. जमिनीवर खूण राहिली नाही. जी वस्तू विकत घेता येत नाही, कुलपात ठेवता येत नाही आणि उद्या नसणार आहे, तिच्यावर कुणाची मालकी चालत नाही, अशी त्या दोघांची धारणा होती. जान-क्लोद २००९ साली आणि ख्रिस्तो २०२० साली वारले.

इथपर्यंत वाचून, अनित्यतेचा हा सुंदर पाठ आहे, असे आमच्या एखाद्या वाचकाच्या मनात येईल. आम्ही तिकडे वळत नाही. आम्हांला ‘तात्पुरते’ या एका शब्दापाशी थांबायचे आहे. हा शब्द कलावंताच्या तोंडी गोड लागतो. पण ज्याच्या दारावर पालिकेची नोटीस चिकटवली जाते आणि त्याच्या वीस वर्षांच्या घराला ‘तात्पुरते बांधकाम’ म्हटले जाते, त्याला हा शब्द कसा लागतो? संक्रमण शिबिरात दोन वर्षांसाठी म्हणून गेलेल्या आणि तिथेच नातवंडे पाहिलेल्या कुटुंबाला विचारा.

या बागेच्या पोटातही अशीच एक नोटीस दडलेली आहे. बाग होण्याआधी तिच्या पश्चिम भागात, आजच्या ८२व्या ते ८९व्या रस्त्यांच्या दरम्यान, सेनेका व्हिलेज नावाचे गाव होते. १८२५ साली अँड्र्यू विल्यम्स या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाने तिथे १२५ डॉलरला जमिनीचे तीन तुकडे विकत घेतले. त्याचा धंदा काय? बूटपॉलिश! त्याच सुमारास एपिफनी डेव्हिस याने ५७८ डॉलरला बारा तुकडे घेतले, आणि कृष्णवर्णीयांच्या एका चर्चनेही जमीन घेतली. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली ती १८२७ साली. म्हणजे गुलामगिरी पुरती संपायच्या आधीच ही माणसे खरेदीखत करून जमिनीचे मालक झाली होती.

जमिनीला तिथे आणखी एक अर्थ होता. १८२१ च्या राज्यघटनेने कृष्णवर्णीय पुरुषाला मत देण्यासाठी २५० डॉलरच्या मालमत्तेची अट घातली होती. गोऱ्यांसाठी मालमत्तेची अट लौकरच उरली नाही. तेव्हा या गावातील घर म्हणजे नुसता निवारा नव्हता. ती मतपेटीकडे जाणारी पायरी होती. १८५५ च्या शिरगणतीत गावात सुमारे २२५ माणसे होती. दोन-तृतीयांश कृष्णवर्णीय, उरलेली बहुतेक आयर्लंडहून आलेली गरीब मंडळी. तीन चर्च, एक शाळा, स्मशानभूमी, भाजीचे मळे. एका चर्चमध्ये काळे आणि गोरे एकत्र बसत.

१८५३ साली बागेसाठी जमीन राखून ठेवण्याचा कायदा झाला. त्या वेळच्या वर्तमानपत्रांनी या लोकांना घुसखोर ठरवले, त्यांच्या घरांना झोपड्या म्हटले आणि गावाला शिव्यांची नावे दिली. खरेदीखत हातात असलेल्या माणसाला घुसखोर म्हणायचे, ही युक्ती जुनी आहे आणि सर्व देशांत चालते. आधी शब्दाने घर तात्पुरते करायचे, मग हातोड्याने पाडायचे. १८५७ साली गाव उठवले. बागेच्या साऱ्या क्षेत्रातून मिळून सुमारे १,६०० माणसे हलवली गेली. अँड्र्यू विल्यम्सने आपल्या घराचे व जमिनीचे ३,५०० डॉलर मागितले होते, त्याच्या हाती २,३३५ पडले. जमिनीच्या मालकांना पैसे मिळाले हे खरे, पण गाव म्हणून ती माणसे पुन्हा कुठे एकत्र वसली नाहीत. शाळा गेली, शेजार गेला.

बाग नको होती, असे आम्ही म्हणत नाही. लाखो मजुरांना, त्यांच्या मुलांना तिने हवा आणि हिरवळ दिली आहे. आम्ही एवढेच विचारतो की कारागिरांचे दार, परक्यांचे दार अशी नावे सुचवणाऱ्यांना पाचच वर्षांपूर्वी उठवलेल्या बूटपॉलिशवाल्याच्या नावाचे एखादे दार का सुचले नाही? पुढे जवळजवळ दीडशे वर्षे बागेत त्या गावाचे नावही नव्हते. फलक लागला तो २००१ साली. म्हणजे कमानी उभ्या राहिल्या तेव्हा तो तिथे होता. केशरी कापडाकडे वर पाहत चाललेल्या चाळीस लाखांपैकी किती जणांची नजर खाली त्या फलकाकडे वळली असेल?

काही सुशिक्षित मित्र आपल्या समाजाला अधूनमधून टोचतात, तुम्हाला पुतळे आणि स्मारकेच का लागतात? जगात आता कला हलकी झाली, तात्पुरती झाली! त्यांना आम्ही हेच सांगू इच्छितो की, ज्याचे नाव आधीच दगडात कोरलेले आहे त्याला कापडाची कमान चालते. ज्याचे गाव गवताखाली गेले, त्याला दगड लागतो. ख्रिस्तो-जान-क्लोद यांना यात दोष नाही. त्यांचे काम प्रामाणिक होते आणि आमच्या मते सार्वजनिक जागेत काही करणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्या अटी तोंडपाठ कराव्यात. खड्डा नाही, तिकीट नाही, जाहिरात नाही, मजुराला मजुरी, आणि जाताना जागा होती तशी. पण आपण होऊन निघून जाणे आणि उठवले जाणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

२०११ च्या उन्हाळ्यात कोलंबियासह न्यूयॉर्कच्या विद्यापीठांतील पुरातत्त्व अभ्यासकांनी त्या गावाच्या जागी उत्खनन केले. एका चर्चच्या सेवकाच्या, विल्यम विल्सन याच्या घराचा दगडी पाया सापडला. लोखंडी किटली, भाजण्याचे भांडे, चिनी मातीच्या बशांचे तुकडे आणि एका लहान मुलाच्या चामडी बुटाचा तळवा मिळाला. झोपडपट्टी म्हणून हिणवलेल्या गावात लोक चिनी मातीच्या बशीत जेवत होते आणि मुलांच्या पायात बूट होते. वर्तमानपत्रांची दीडशे वर्षांची बदनामी या चार वस्तूंनी खोटी ठरवली. खोदून झाल्यावर खड्डे बुजवले, वर पुन्हा गवत आले.

ऑक्टोबर २०१९ मध्ये बागेची देखभाल करणाऱ्या संस्थेने त्या जागी माहितीफलकांचे एक खुले प्रदर्शन मांडले. कुठे कुणाचे घर होते, चर्च कुठे होते, मळे कुठे होते, हे चालता चालता वाचावे अशी त्याची रचना. तेही तात्पुरते म्हणूनच मांडलेले होते. पण कमानी सोळा दिवसांत निघाल्या तसे हे फलक निघू नयेत, असे आम्हांला वाटते.

आता आपल्या घरांतील मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी न्यूयॉर्कला जाऊ लागली आहेत. बाबासाहेबांचे विद्यापीठ पाहायला ती जातातच. तिथून दक्षिणेकडे सुमारे अर्ध्या-पाऊण तासाच्या पायी अंतरावर, बागेच्या पश्चिम बाजूला, ८५व्या रस्त्यावर खलाशांचे दार आहे. त्या दाराने आत शिरले की सेनेका व्हिलेजची जागा लागते. तिकीट नाही.